पिठलं-भात

हॉस्पिटलात न्यायच्या डब्यात मालन मऊ भात भरत होती. शेजारच्या टिपणीसवहिनी झाकलेली पातेली घेऊन आत आल्या आणि त्यांनी गॅसच बंद केला.

"अहो, ह्यांचं वरण उकळतंय!"

पातेल्यांत पिठलं-भात होता. माणूस गेलेल्या घरी चूल पेटत नाही, म्हणून शेजारी आणतात तसा.

"पुतण्याची पोस्ट नाही बघितलीत?" वहिनींनी मोबाइल पुढे केला. 'भावपूर्ण श्रद्धांजली, काका.' खाली रडक्या चेहऱ्यांची रांग, मध्येच एकाचं 'अभिनंदन'. फोटोतून मालनला कापलं होतं; नवऱ्याच्या खांद्यावर तिचा बांगड्यांचा हात तेवढा उरला होता.

फोन वाजला. हॉस्पिटलातून पुतण्याच होता. "काकू, आधी खाली बस. मन घट्ट कर."

मालन बसली.

"सांग बाळा," ती म्हणाली, "मला अजून कुणीच काही सांगितलं नाही."