कुंभारकामाचा तास

“कुंभारकाम?” ऑरिन टॅकेटने मुलीचा फॉर्म चष्म्याजवळ नेला, मग लांब धरला. दोन्हीकडून तेच दिसत होतं. “चिखल थापून कॉलेजात प्रवेश मिळतो, हे मला आजच कळतंय.”

“चार विषय घेतलेत की कॉलेजच्या तोडीचे,” मेव्ह म्हणाली. “पाचव्या जागी हे.”

“पाचव्या जागी भौतिकशास्त्र. शेजारचा वेंडेल पाच घेतोय. गसने स्वतः सांगितलं.”

गस पेलरिन म्हणजे वेंडेलचा बाप. हिवाळाभर दोघे बाप आपापल्या दारात फावडं घेऊन भेटत आणि बर्फ कमी, बढाया जास्त उपसत. गसने तीन विषय म्हटले की ऑरिन चार म्हणे. ऑरिनने चार म्हटले की गसचे पाच. पोरं पुढच्या वर्षी बारावीत जाणार होती आणि बापांचा लिलाव ऐन रंगात आला होता. परवा मेव्ह जेवणाच्या टेबलावरच रसायनशास्त्राच्या पुस्तकावर गाल टेकून झोपली. ऑरिनला फार वाईट वाटलं. पण कॉलेजचं नाव निघालं की तो आणखी एक विषय वाढवायचाच. त्याला स्वतःला कुठल्याच कॉलेजने घेतलं नव्हतं.

“उद्या शेवटचा दिवस आहे, डॅड. तुझी सही लागते.” मेव्हने पेन त्याच्या हातात दिलं. मग सहज आठवल्यासारखं म्हणाली, “वेंडेलपण कुंभारकाम घेतोय.”

ऑरिनचं पेन हवेतच थांबलं. गस उगाच काही करणाऱ्यातला नव्हता. त्याचा मेहुणा कुठल्याशा विद्यापीठात नोकरीला होता. नक्की आतली बातमी असणार, आणि पठ्ठ्याने चकार शब्द काढला नव्हता!

दुसऱ्या दिवशी सकाळी कामाला दांडी मारून ऑरिन शाळेत हजर. पोरांच्या विषयनिवडीचं काम बघणाऱ्या मिसेस डोम्ब्रोव्स्की फॉर्मांच्या ढिगामागे बसल्या होत्या.

“कुंभारकामात एकच जागा उरलीय,” त्या म्हणाल्या.

“ती माझ्या मुलीची! कॉलेजवाले आता तेच बघतात ना?”

“नाही हो, कुणी सांगितलं?” त्यांनी चष्मा काढला. “मिस्टर पेलरिन आत्ताच हेच विचारून गेले. टॅकेटची मुलगी घेतेय म्हणजे त्यात काहीतरी असणारच, म्हणाले. मी नाही म्हटलं, तर मला डोळा मारून म्हणतात, तुम्ही थोडंच सांगणार! मुलाचं नाव घालूनच उठले.”

काचेपलीकडे मेव्ह आणि वेंडेल भिंतीला टेकून उभे होते. हसून हसून दोघांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

ऑरिनच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. आधी त्याला राग आला. चांगलाच आला. मग वाटलं, ही अशी हसलेली आपण शेवटची कधी पाहिली? त्याला आठवेना. त्याने सही केली.

शनिवारी सकाळी पुन्हा बर्फ पडलं होतं. गस फावडं घेऊन जणू वाटच बघत होता.

“काय रे ऑरिन, खरं सांग. त्या कुंभारकामात कॉलेजवाले नक्की काय बघतात?”

ऑरिनने इकडेतिकडे बघून आवाज खाली आणला. “कुणाला बोलू नकोस. आणि कुंभारकामाचं सोड. आमची मेव्ह अजून झोपलीय. शनिवारी दहापर्यंत आम्ही तिला उठवतच नाही. म्हणतात, यंदापासून झोपसुद्धा बघणार आहेत.”

गसने फावडं तिथेच टाकलं आणि तो घराकडे पळत सुटला.

“अगं ए, वेंडेलला उठवलंस का?” तो दारातूनच बायकोवर ओरडला. “परत झोपव त्याला!”