रिकामा रकाना

?नाव=अनसूया&उपचार=डायलिसिस&वय=

दवाखान्याच्या दारानं अनसूयाबाईंच्या मनगटावरच्या पट्टीतली लिंक वाचली. "बाळाला एकटं सोडता येणार नाही. आईला बोलवा."

"माझ्या आईला जाऊन तीस वर्षं झाली," अनसूयाबाई म्हणाल्या.

त्यांची मुलगी मंगल तावातावानं नर्सकडे गेली.

"वय रिकामं राहिलं की यंत्रणा शून्य धरते. दुरुस्ती सोमवारी," नर्स म्हणाली.

"सोमवारपर्यंत ही जगेल का?"

नर्सनं पुढच्या रुग्णाला हाक मारली.

मंगल दारापुढे उभी राहिली. "मी हिची आई."

दार लगेच उघडलं. आत पाळण्याएवढी खाट होती आणि यंत्रानं तीन किलोच्या बाळाची नळी लावून ठेवली होती.

"एकाहत्तर वर्षं जगले," अनसूयाबाई म्हणाल्या, "ती ह्यांनी विचारलीसुद्धा नाहीत."