घरातली बोली

दाराला कडी होती, पण मागे अडसर लावायला सुताराला वेळच मिळाला नाही. बाहेरून पहिला धक्का बसला, तेव्हा त्याची बायको फळ्यावर अक्षरं काढत होती आणि बाकांवरची मुलं ती मोठ्याने घोकत होती.

सुताराच्या शेडमध्ये दर सुटीला हा वर्ग भरायचा. निर्वासितांची ही मुलं इथल्या शाळेत जायची, इथल्यासारखीच बोलायची, हसायची. देश तसा वेश, त्याला सुताराची ना नव्हती. त्याची बायको तर लाँड्रीत इतकं सफाईदार बोले की नवं गिऱ्हाईक तिला इथलीच समजे. पण उंबऱ्याच्या आत आपलीच बोली, हा दोघांचा दंडक. एकदा लेकीने जेवताना इथल्या भाषेत पाणी मागितलं. आपल्या भाषेत मागेपर्यंत दोघांनीही तिच्यापुढे पेला सरकवला नाही. वस्तीतले म्हातारे म्हणायचे, आमच्या तोंडून निसटत चाललेली भाषा या दोघांनी जिवापाड जपलीय.

या भाषेपायीच तर सगळं गेलं होतं. नदीपलीकडच्यांनी पुलावर माणसं अडवली आणि एकेकाला 'पाणी' म्हणायला लावलं. अलीकडच्या हेलात म्हणेल त्याचा तिथेच गळा चिरत. सुतार सांगे, मी मुडद्यांखाली निपचित पडून राहिलो. ती सांगे, माझी दातखीळच बसली, वेडी समजून सोडलं मला. पुढे वारं फिरलं आणि पलीकडचीही गावं जळाली, पण छावणीत आसरा फक्त अलीकडच्यांना होता. पलीकडचं कुणी शिरलंय अशी नुसती कुजबुज झाली, तरी सकाळी प्रेत सापडायचं. त्या छावणीतच दोघांची गाठ पडली, लग्न झालं.

आता पलीकडचे याही शहरात येऊन पोचले होते. हा वर्ग बंद करा, नाहीतर आम्ही करू, असे दोन निरोप आले होते. सुताराने ते हसण्यावारी नेले.

दार मोडलं. सळया घेऊन चौघं आत घुसले.

तिने मुलांना मागच्या खिडकीतून बाहेर ढकललं. लेक तेवढी घाबरून बाकाखाली शिरली, ती निघेना. सुताराने पहिल्याच्या गुडघ्यावर हातोडा घातला. हाड मोडल्याचा आवाज झाला. तो दुसऱ्याकडे वळतो न वळतो तोच सळई त्याच्या कपाळावर बसली आणि तो भुशात कोसळला. पडल्यावरही ते त्याला मारतच राहिले.

तिने टेबलावरची पटाशी उचलली आणि एकाच्या खांद्यात मुठीपर्यंत खुपसली. तेवढ्यात दाराजवळून त्या चौघांतला एक पलीकडच्या भाषेत ओरडला. ती चटकन खाली वाकली. मागून आलेली सळई तिच्या डोक्यावरून जाऊन फळ्यावर आदळली, फळा दुभंगला. तिने वळून मागच्याच्या मांडीत पटाशी घातली. तो गुरासारखा हंबरला.

शेजारपाजारचे धावले, पोलिसांच्या गाडीचा भोंगा वाजला. चौघंही एकमेकांना ओढत पळाले.

तिने सुताराचं डोकं मांडीवर घेतलं. ओढणी दाबून धरली तरी रक्त थांबेना. त्याची शुद्ध येत होती, जात होती. लेक बाकाखालून सरपटत आली आणि बापाचा हात धरून बसली.

सुताराचे ओठ हलले. "आई गं," तो कण्हला, "थंडी वाजतेय."

शब्द नदीपलीकडचे होते. हेलही पलीकडचाच. माणूस फक्त स्वतःच्या आईलाच हाक मारतो अशी ती हाक होती.

रक्ताने माखलेली पटाशी अजून तिच्या हातात होती. सुताराने डोळे उघडले. आपण काय बोललो ते त्याला कळलं होतं. त्याने आधी पटाशीकडे पाहिलं, मग तिच्याकडे, आणि डोळे मिटून घेतले. मान मात्र बाजूला घेतली नाही.

दारात पोलिसांच्या बुटांचा आवाज आला. ती वाकली, त्याच्या कानाला ओठ लावले आणि त्याच हेलात, एका शब्दालाही न अडखळता म्हणाली,

"हळू बोल. पोरगी ऐकतेय."