सोळा की सतरा

"ताई, तुमचे सतरा, मॉडेलचे सोळा," गिरिजानं पडेल आवाजात सांगितलं आणि पतसंस्थेत टाळ्या वाजल्या.

तीन वर्षांपूर्वीची वीस कर्जं तपासायला काढली होती. कोण फेडेल, कोण बुडवेल, याचा शैलजाताईंनी तेव्हा घरोघरी जाऊन दिलेला शेरा एकीकडे; तेव्हाच्याच कागदांवरून गिरिजाच्या संगणकावरच्या मॉडेलनं सांगितलेला अंदाज दुसरीकडे.

अठरा वर्षं ताईंना विचारल्याशिवाय चेअरमन कर्जावर सही करत नव्हते. ही पोर आल्यापासून मात्र ते आधी तिच्या टेबलापाशी थांबत. "काय म्हणतंय गं तुझं मॉडेल?" एवढं कानावर आलं तरी ताईंच्या पोटात निखारा पडे. आज तिचा उतरलेला चेहरा पाहून त्यांना कितीतरी दिवसांनी गार वाटलं.

गिरिजा खुर्ची ओढून शेजारी बसली. "तो वेल्डिंगवाला बाबर नडला बघा. मॉडेल म्हणालं, बुडवेल. त्यानं तर एकही हप्ता चुकवला नाही. तुम्ही कसं ओळखलंत? मला शिकवा ना."

खरं काय ते ताईंना ठाऊक होतं. बाबर कसला फेडतोय! दर पाच तारखेला त्याच्या दुकानापुढे स्टूल टाकून त्या बसायच्या, हप्ता हातात पडेपर्यंत. आपला शेरा खोटा पडू नये म्हणून.

"बाबर बुडवणाराच होता. मी मानगुटीवर बसले म्हणून फेडले त्यानं," ताई हळूच म्हणाल्या. "सतरा तुझेच. पण चेअरमनना तूच सांग बाई. माझ्या तोंडून ते अजून निघायचं नाही."