चांदीचं पेन

तिसगावहून नगरला आलेल्या मार्थाबाईंनी पेनांच्या दुकानात दोन पेनं मांडून घेतली, एक चांदीचं, एक सोन्याचा मुलामा दिलेलं. त्यांचे यजमान, शांतवन मास्तर, नगरला आले की याच काचेपाशी थांबून चांदीचं पेन बघायचे, "रिटायर झाल्यावर घेऊ" म्हणत पुढे चालायचे. "मास्तरांना द्यायचंय. यातलं कोनतं काळं पडत न्हाई?" बाईंनी विचारलं. "मास्तर रोज लिहितात ना? मग चांदीचंच घ्या," दुकानदार म्हणाला. "हातात फिरलं की चांदी लखलखीत राहते. नुसतं ठेवायचं असेल तर सोनेरी." बाईंनी चांदीचं पेन बराच वेळ मुठीत धरलं. मग ते काचेवर ठेवून सोनेरी पुढे सरकवलं. बाहेर टेम्पोत शवपेटी बांधून झाल्यावर मुलाने हॉर्न दिला. "शाई भरून देऊ?" "नको. खिशाला लावायचंय. सदरा पांढरा हाय, अन् त्यांना आता आडवंच ऱ्हायचंय."