चौथं शील

पंचशीलातल्या चौथ्या शीलावर इंद्रभान थांबला.

पहिली तीन त्याने खणखणीत दिली होती. उंद्रीचा अख्खा मंडप त्याच्यामागून म्हणाला होता. आता दोनशे माणसं हात जोडून चौथ्याची वाट पाहत होती. समोर त्याचा भाचा धम्मरत्न आणि नवरी मंजुश्री पांढऱ्या कपड्यांत बसली होती.

"मामाची गाडी पंक्चर झाली बे!" मागून कोणीतरी म्हणालं. लोक हसले.

इंद्रभान विसरला नव्हता. लग्न लावणाऱ्या बौद्धाचार्यांची जीप धाड गावाजवळ बंद पडली, म्हणून विधी त्याच्यावर आला. वंदना तोंडपाठ असली तरी पुढे उभं राहून शील देण्याची ही पहिलीच वेळ. मागून म्हणताना ओठ मिटून घेता येतात. गेले चार महिने विहारात तो चौथ्याला तेच करत होता. पण देणाराच गप्प राहिला, तर एवढ्या लोकांनी घ्यायचं काय? 'मुसावादा वेरमणी', खोटं बोलण्यापासून अलिप्त राहीन. शेवटी 'समादियामि', मी ग्रहण करतो. तो शब्द तोंडातून निघाला की शील घेतलं गेलं. त्यावर वेगळी सही लागत नाही.

त्याने नवरीच्या बापाकडे, अमडापूरच्या जानरावांकडे पाहिलं.

"जानरावभाऊ, हे म्हणाच्या आधी सांगतो. पोरगा पर्मनंट नाही. कंत्राटावर हाय. सोयरीक जुळावी म्हणून म्या तुमाले खोटं सांगतलं. आता लगन लावाचं का नाही, तुम्ही ठरवा."

"मोडलं लगन," एक बाई हळूच म्हणाली. इंद्रभानच्या बहिणीने, नवरदेवाच्या आईने, पदर तोंडाला लावला.

जानराव उठले. फेटा सारखा केला. दोन पावलं पुढे आले आणि बुद्धमूर्तीसमोर उभे राहिले. तिथे त्यांचा आवाज एकदम खाली आला.

"इंद्रभानभाऊ, मलेबी थे शील घ्याचं हाय. तं माह्यंबी आयकून घ्या. पोरगी बी.ए. झाली म्हणून म्या सांगतलं होतं. तिचे दोन पेपर राह्यले हायेत."

कोणाला हसावं की रागवावं ते कळेना. दोन्हीकडचे वडीलधारे एकमेकांची तोंडं पाहू लागले.

तेवढ्यात मंजुश्रीने मान वर केली.

"मामा, द्या आता चौथं. तुमचं सगळ्याईचंच राह्यलं हाय. आमचं दोघाईचं एकमेकाले खरं सांगून मार्चातच घेऊन झालं, फोनवर."