हलका ट्रिगर

स्पर्धेच्या फायनलआधीच्या सरावात हेरंबची छोटी रेसिंग कार त्याच वळणावर पुन्हा ट्रॅकच्या खाचेतून उडाली.

"हा नवा कंट्रोलर खराब निघाला," तो बायकोला म्हणाला. "जुनाच बरा होता."

जुन्याचा ट्रिगर भलता कडक होता, म्हणून वृंदाने त्याच्या पन्नाशीला हा हलका आणला होता. बोट केसभर हललं तरी गाडीला कळायचं.

तिने गाडी खाचेत बसवली आणि ट्रिगर अलगद दाबून धरला. गाडी एका लयीत अख्खा ट्रॅक फिरून आली.

"आता तू. अगदी हळू."

त्याने ट्रिगर दाबला. सरळ पट्टीवरही गाडी आचके देत राहिली. त्याने डाव्या हाताने उजवं मनगट घट्ट धरलं, तरी आचके थांबेनात.

"कधीपासून?" तिने विचारलं.

माइकवरून फायनलसाठी त्याचं नाव पुकारलं गेलं.

"जुना दे. लोक थांबलेत."

तिने जुना कंट्रोलर जोडून दिला. कडक ट्रिगरवर त्याचं बोट स्थिरावलं आणि गाडी सुसाट सुटली.

टाळ्यांच्या आवाजात तिने त्या दोघांच्या नेत्रालयात फोन लावला.

"डॉक्टर हेरंबची उद्याची ऑपरेशन्स रद्द करा," ती म्हणाली. "सगळी."